चौघांचा एक झेंडा कसा बेतायचा

बेळगावच्या शहापुरात माझं शिलाईचं दुकान आहे. पूर्वी ब्लाउज-परकर शिवत होतो, आता निम्म्याहून जास्त काम झेंड्यांचं. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांना भगवे, ऑक्टोबर संपत आला की एक नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाला लाल-पिवळे, आणि त्याच दिवशी काळा दिन पाळणाऱ्या मराठी लोकांसाठी काळं कापड. तिन्ही ठाणं एकाच फळीवर ठेवलेली असतात. गिऱ्हाईक मात्र एकमेकांच्या वेळा चुकवून येतात.

दरवर्षी कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात. अमक्या संघराज्याचा झेंडा नव्यानं करायचाय, सगळ्या घटकांना न्याय मिळाला पाहिजे, असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. डिझाइन मोबाईलमध्ये तयारच असतं: चार देश, चार रंग, चार पट्टे. मी विचारतो, वरचा पट्टा कोणाचा? तिथं गाडी अडते. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढतोय. रंग, चिन्हं, तारे हे सगळं नंतर. आधी वर कोण, खाली कोण, काठीकडे कोण आणि मुळात यादीत नाहीच कोण, एवढं ठरवायचं. ते ठरलं की उरतो तो कात्रीचा प्रश्न.

एक सूचना सुरुवातीलाच. आपल्या तिरंग्यावर असला प्रयोग कापडावर करू नका. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाचा कायदा आहे, २००२ ची ध्वजसंहिता आहे. तिरंगा नेमका कसा शिवतात ते बघायचं असेल तर हुबळीला बेंगेरीत जा. तिथल्या खादी संघात तिरंगे तयार होतात. त्यांच्या मापातला काटेकोरपणा बघितला तरी निम्मं शिक्षण होतं.

सरावाला ब्रिटनचा झेंडा घ्या

कारण त्या देशात चार घटक आहेत आणि झेंड्यात तीनच. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड. यातलं वेल्स गायब. १६०३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडला राजा एकच झाला. त्यानं १६०६ मध्ये फर्मान काढून दोघांचे झेंडे एकावर एक चढवले. निळ्यावरचा पांढरा तिरका क्रॉस स्कॉटलंडचा, पांढऱ्यावरचा लाल उभा-आडवा क्रॉस इंग्लंडचा. लाल वर आला. स्कॉटलंडच्या खलाशांनी लगेच तक्रार केली की आमचा क्रॉस झाकला गेला, आणि काहींनी पांढरा तिरका वर असलेला स्वतःचा नमुना वापरायला घेतला. मग १८०१ मध्ये आयर्लंडचा लाल तिरका क्रॉस आत बसवला.

वेल्स कुठंच नाही, कारण आठव्या हेन्रीच्या काळात, १५३५ आणि १५४२ च्या कायद्यांनी, वेल्स इंग्लंडला जोडून टाकलं होतं. इंग्लंडचा क्रॉस आला म्हणजे वेल्स आलंच, असा तो हिशेब. सीमाभागातल्या वाचकाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. वेल्सच्या लाल ड्रॅगनच्या झेंड्याला सरकारी मान्यता मिळाली तीही १९५९ मध्ये. २००७ मध्ये वेल्सच्या एका खासदारानं संसदेत सुचवलं की ड्रॅगन ब्रिटनच्या झेंड्यात घ्या. चर्चा झाली, झेंडा आहे तसाच राहिला.

पहिलं काम: टेप काढा

अन्याय झाला असं नुसतं म्हणू नका, मोजा. तीस इंच उंच आणि पन्नास इंच लांब झेंडा घ्या. जहाजावर नव्हे, जमिनीवर लावायच्या झेंड्याचं प्रमाण तीनास पाच असंच आहे. लाल क्रॉसची पट्टी ६ इंच. तिला दोन्ही अंगांनी पांढरी किनार २-२ इंच. तिरक्या पट्ट्याची सगळी मिळून रुंदी ६ इंच, त्यात रुंद पांढरी ३, लाल २ आणि बारीक पांढरी १.

आता गुणाकार करा. पूर्ण कापड १५०० चौरस इंच. लाल उभा-आडवा क्रॉस ४४४, त्याची पांढरी किनार २५६. म्हणजे इंग्लंडकडे ७०० गेले, जवळपास निम्मे. तिरक्यात स्कॉटलंडला तीन इंच, आयर्लंडला दोन. वेल्सला शून्य. आता तुमच्या तक्रारीला आकडा मिळाला. प्रोजेक्टचं पहिलं पान हेच ठेवा, परीक्षक गप्प बसतात.

पण क्षेत्रफळावर सगळं ठरत नाही. झेंड्यात मानाची जागा काठीकडची वरची, कारण वारा पडला तरी तेवढा भाग दिसत राहतो. ती कोणाची आहे ते बघा. इथं १८०१ च्या कारागिराला मानलं पाहिजे. दोन तिरके क्रॉस एकमेकांवर न चढवता त्यानं ते उभे चिरले आणि शेजारी-शेजारी बसवले. काठीकडच्या अर्ध्या भागात रुंद पांढरी पट्टी लालच्या वर येते, फडकत्या अर्ध्या भागात लाल वर आणि रुंद पांढरी खाली. स्कॉटलंड जुना म्हणून काठीकडे तो वर, पलीकडे आयर्लंड वर. दोघांपैकी कोणीच पूर्ण वर नाही, कोणीच पूर्ण खाली नाही.

शिवताना हेच चुकतं. नवीन पोरगा लाल पट्टी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ ताणतो. तसं नाही. मधल्या लाल क्रॉसच्या अलीकडची तिरकी लाल आणि पलीकडची तिरकी लाल एका रेषेत येतच नाहीत, एकमेकींपासून सरकलेल्या असतात. पट्टीनं कर्णाची रेघ खडूनं मारून घ्या आणि लाल पट्टी त्या रेघेच्या एकाच अंगाला लावा: काठीकडे खालच्या, पलीकडे वरच्या. रेघेवर मधोमध लावली की गणित संपलं.

दुसरं काम: घटकाच्या आत डोकावा

यादीत चार नावं लिहिली म्हणजे चारच घटक झाले असं नाही. उत्तर आयर्लंडचं बघा. तांबड्या हाताचा झेंडा तिथल्या सरकारनं १९५३ पासून वापरला, १९७२ मध्ये ते सरकार गेलं, तेव्हापासून त्या भागाला सरकारमान्य असा स्वतःचा झेंडा नाही. तो जुना एका बाजूच्या लोकांना आपला वाटतो, दुसऱ्या बाजूच्यांना डोळ्यांपुढे नको असतो. मग तुम्ही त्यांच्यातर्फे कोणाचं चिन्ह घेणार? तिथल्या विधानसभेनं स्वतःपुरता यावर तोडगा काढला: बोधचिन्हात जवसाची सहा फुलं. सहा परगणे म्हणून सहा, आणि लिननचा धंदा तिकडचा जुना, जवसाच्या काटक्यांपासूनच लिननचा धागा निघतो. आपण जवसाची चटणी करून खातो, त्यांनी त्यावर भांडण मिटवलं. कापडवाला म्हणून मला हे विशेष आवडतं.

असाच प्रकार माझ्याकडे एकदा खानापूर भागातल्या चार गावांच्या कुस्ती मैदानाचा आला होता. दोन गावांच्या पाट्या मराठीत, एकाच्या कन्नडमध्ये, चौथ्याच्या दोन्हीत. मैदान सगळ्यांचं मिळून, झेंडा एक हवा. प्रत्येक तालमीचा रंग वेगळा. आडवे पट्टे म्हटलं तर वर कोण यावर वाद. उभे पट्टे करूया म्हटलं तर एक पाव्हणे म्हणाले, “काठीकडं कोण राहणार ओ?” पाव्हण्यांना झेंड्याचं शास्त्र कोणी शिकवलेलं नव्हतं, पण मुद्दा अचूक. शेवटी चारही तालमींचे रंग बाजूला ठेवले. हौद्यातल्या मातीचा तांबूस रंग झेंड्याच्या जमिनीला, म्हणजे मागच्या सगळ्या कापडाला, घेतला आणि चार गदा, मुठी मध्यावर एकत्र, डोकी बाहेर. चहा येईपर्यंत मंजुरी मिळाली. पैसे मात्र चार ठिकाणांहून वसूल करावे लागले.

तिसरं काम: वाटणी, मोजणी की तटस्थ?

जगात यासाठी वापरलेल्या रीती साधारण तीन-चार आहेत. आपल्याला कुठली चालेल ते आधी ठरवा.

वाटणी म्हणजे प्रत्येकाला त्याचा तुकडा. ब्रिटनच्या राजाचा स्वतःचा झेंडा असा आहे: चार चौकोन, त्यात इंग्लंडचे सिंह दोनदा, स्कॉटलंड एकदा, आयर्लंडची वीणा एकदा. स्कॉटलंडमध्ये हाच झेंडा लावताना स्कॉटलंड दोनदा आणि इंग्लंड एकदा करतात. जागा बदलली की मान बदलतो. वेल्स दोन्हीकडे नाही. दक्षिण आफ्रिकेचा १९२८ चा झेंडा याहून वाईट: मधोमध तीन चिमुकले झेंडे, एक ब्रिटिशांचा आणि दोन बोअर म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांच्या प्रजासत्ताकांचे, आणि देशातल्या बहुसंख्य काळ्या माणसांचा एक धागा नाही.

वाटणीचा धडा आपल्या घरातलाच आहे. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्यांनी बेजवाड्याला, म्हणजे आताच्या विजयवाड्याला, गांधीजींना झेंडा दाखवला, त्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा असा अर्थ होता. गांधीजींनी बाकीच्यांसाठी पांढरा घालायला सांगितला आणि चरखा. झालं, रंग धर्मांना वाटले की रांग लागते. शिखांनी विचारलं, आमचा पिवळा कुठाय? १९३१ मध्ये काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. पटेल, आझाद, नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर त्यात आमच्या टापूशी नातं असलेले दोघं होते: हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर, आणि बेळगावच्या गणेश विद्यालयात मुख्याध्यापकी केलेले काकासाहेब कालेलकर. समितीनं अख्खा केशरी झेंडा सुचवला, त्यावर चरखा. तो मान्य झाला नाही. त्याच वर्षी केशरी, पांढरा, हिरवा ठरला, आणि ठरावातच नोंदवलं की या रंगांना जातिधर्माचा अर्थ नाही. कापड जवळपास तेच राहिलं, वाटणी रद्द झाली. २२ जुलै १९४७ ला चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. माझ्या मते १९२१ ते १९३१ या दहा वर्षांतलं मोठं काम रंगांचं नव्हतं, ठरावातल्या त्या एका वाक्याचं होतं.

मोजणी म्हणजे प्रत्येकाला एक तारा किंवा एक पट्टा. अमेरिकेनं १७९५ पासून नव्या राज्यांसाठी तारे आणि पट्टे दोन्ही पंधरा केले. राज्यं वाढत चालली, तसे पट्टे वाढवले असते तर प्रत्येक पट्टा बारीक होऊन दुरून नुसता गुलाबी दिसला असता. १८१८ च्या कायद्यानं पट्टे परत तेरा केले, वाढायचं ते ताऱ्यांनी. आज पन्नास आहेत, ४ जुलै १९६० पासून. मलेशियानं १९६३ मध्ये चौदा पट्टे आणि चौदा टोकांचा तारा घेतला, १९६५ मध्ये सिंगापूर बाहेर पडलं, आकडा तसाच राहिला आणि चौदाव्याला नंतर वेगळा अर्थ लावून दिला. मोजणी घ्यायची तर घ्या, पण ती अशा जागी ठेवा की एक आला-गेला तर अख्खा झेंडा उसवायला लागू नये.

मोजणीतही राजकारण घुसतं. युरोपच्या निळ्या झेंड्यावरचे बारा तारे सदस्यांचे नाहीत. १९५५ मध्ये युरोप परिषदेत पंधरा सदस्य होते, म्हणून पंधरा ताऱ्यांचा विचार होता. त्यात एक, तेव्हा जर्मनीपासून वेगळा ठेवलेला सार प्रांत होता. त्याला स्वतंत्र तारा द्यायला पश्चिम जर्मनीची ना. चौदा केले तर सारची ना. तेरा अशुभ. मग बारा. तोच झेंडा वापरणाऱ्या युरोपीय संघात आता कितीही आले-गेले तरी तारे बाराच.

तटस्थ म्हणजे कोणाचंच काही घ्यायचं नाही. सायप्रसच्या १९६० च्या राज्यघटनेतच झेंड्याचा आकार-रंग तटस्थ असावा असं लिहिलं आहे. म्हणून ना ग्रीकांचा निळा, ना तुर्कांचा लाल. बेटाचा नकाशा आणि ऑलिव्हच्या फांद्या. बोस्नियात तिन्ही समाजांचं एकमत होईना, तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीनं फेब्रुवारी १९९८ मध्ये निळ्यावर पिवळा त्रिकोण असलेला झेंडा सरळ लागू केला. असे झेंडे कोणाला टोचत नाहीत. कोणी छातीला लावून मिरवतही नाही, ही त्यांची किंमत.

मला सर्वांत हुशारीचा वाटतो तो दक्षिण आफ्रिकेचा १९९४ चा. लोकांकडून सात हजारांवर नमुने आले, एकही पसंत पडला नाही. शेवटी तिथले सरकारी मानचिन्हतज्ज्ञ फ्रेडरिक ब्राउनेल यांचा आराखडा घेतला: दोन फाटे काठीकडून निघून एक होतात आणि पुढे जातात. सहा रंग, आणि सरकारनं एकाही रंगाला अधिकृत अर्थ दिलेला नाही.

चौथं काम: आता वेल्सला बसवून बघा

पोरांचं पहिलं उत्तर ठरलेलं: मधोमध ड्रॅगन. कागदावर झकास दिसतं. पण मधोमध आणि सगळ्यांच्या वर म्हणजे ज्याला काहीच नव्हतं त्याला सगळ्यात मोठा मान, बाकी तिघं त्याच्या पायाखाली. शिवाय पंजे, नखं, जीभ, खवले हे कापडावर कोण करणार? आमच्या बेळगावच्या किल्ल्याच्या तलावाजवळचा ११० मीटरच्या खांबावरचा तिरंगा लांबून बघा. त्यात तीन रंग स्पष्ट दिसतात, चक्राचे आरे मोजता येत नाहीत. ड्रॅगनचं तिथं तांबडं ठिपकं होईल.

दुसरं उत्तर: वेल्सच्या संत डेव्हिडचा पिवळा क्रॉस काळ्या जमिनीवर असतो, त्यातला पिवळा घेऊन लाल क्रॉसची पांढरी किनार पिवळी करायची. हे बरं, पण पिवळी किनार जिथं तिरक्या पांढऱ्याला भिडते तिथं दोन्ही एकजीव दिसतात. पिवळं-पांढरं शेजारी ठेवू नका, गडद निळ्याला काळा चिकटवू नका. हलक्याला गडद, गडदाला हलका, हा नियम सोडायचा नाही. कर्नाटक सरकारनं २०१८ मध्ये पिवळा-पांढरा-लाल असा राज्यध्वज सुचवला, तेव्हाही माझ्या मनात पहिली शंका हीच आली. राजकारण ज्याचं त्याला लखलाभ, उन्हात पिवळ्या-पांढऱ्याची शिवण दिसायला अवघड.

माझा बेत असा. चौघांचे झेंडे टेबलावर पसरा आणि चौघांतही असलेला रंग शोधा. इंग्लंडची जमीन पांढरी. स्कॉटलंडचा क्रॉस पांढरा. वेल्सच्या ड्रॅगनच्या मागची वरची अर्धी बाजू पांढरी, खालची हिरवी. आयर्लंडच्या तिरक्या क्रॉसमागची जमीन पांढरी. म्हणजे पांढरं हे एकच सगळ्यांचं. जमीन पांढरी घ्या. तिच्यावर मध्यापासून निघालेली चार पाती, दोन लाल, दोन निळी, एकाआड एक. कोणतं पातं कोणाचं हे कुठंही लिहायचं नाही. हिरवा कुठाय असं वेल्सवाला विचारेल, त्याला विचारू द्या. त्याला पात्याचं माप दाखवा.

करायची रीत सोपी आहे. १२ इंच त्रिज्येचं वर्तुळ कागदावर काढून कापा. तीन वेळा निम्म्यात घडी घाला, आठ फाका पडतात. एक सोडून एक फाक कापून घ्या, चार पाती मिळाली, चारही तंतोतंत सारखी, कोणाला कमी-जास्त नाही. ती ठेवताना एक फट बरोबर वर येऊ द्या, पातं नको. पातं वर आलं की पुन्हा एक जण डोक्यावर बसला. फट वर ठेवली की वर दोन पाती येतात, एक लाल एक निळं. समोरून बघाल तर डावीकडे लाल, झेंड्याच्या मागून बघाल तर डावीकडे निळं. काठीकडे वर लाल राहतं, ते टळत नाही. म्हणून तर लाल कोणाचं ते सांगायचं नाही.

कापडाला पॉपलीन घ्या. सॅटिन चमकतं, पण कात्री लागली की कड सुटते. पातं पांढऱ्यावर ठेवून कडेनं आधी सरळ टीप, मग झिगझॅग. मग कापड उलटं करा आणि पात्याच्या मागचं पांढरं टिपेच्या आतून कापून काढा, म्हणजे रंग दोन्हीकडून दिसतो. हे न करता नुसतं वरून पातं चिकटवलं तर मागून झेंडा फिकट दिसतो आणि जिथं चारही टोकं भेटतात तिथं गुठळी होते. त्या मध्यावर टोकं दोन सूत अलीकडेच थांबवा.

तपासणी

भिंतीला लावून समोरच्या घराच्या गच्चीवरून बघा. मोबाईलमध्ये काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि निळं अशा फोटोत सारखंच दिसतं, तरी आकार ओळखू आला पाहिजे. भिजवून लोंबता ठेवा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर झेंडा असाच असतो. पाचवी-सहावीच्या पोराला दहा सेकंद दाखवा आणि न बघता काढायला सांगा.

मग एक घटक कमी करून बघा. २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडमधल्या ५५ टक्के लोकांनी राहायचं ठरवलं, म्हणजे उद्या वेगळं ठरूही शकतं. तीन पाती केली तर एकाआड एक रंग जमत नाही, मग सगळी एकाच रंगात करावी लागतील. पाच झाली तरी तेच. हा माझ्या बेतातला कच्चा दुवा आहे, त्यावर तुम्ही डोकं लावा.

शेवटी दाखवायला न्या. ज्याला आजवर जागा नव्हती त्याच्याकडे आधी, ज्याच्याकडे निम्मं कापड होतं त्याच्याकडे सगळ्यात शेवटी. आणि नमुना मांजरपाटावर काढा. लाल कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच वळवाला पांढऱ्यावर उतरतं.